सालीचं हाय, घ्या

"सालीचं हाय, म्याडम. घ्या."

एवढंच वाक्य. हातात कधी दोन केळी, कधी ओंजळभर उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा, दिवाळीच्या आसपास एखादं सीताफळ. वस्तू माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवायची, पदराला हात पुसायचे आणि मी काही म्हणायच्या आत घंटेकडे निघून जायचं. आमच्या शाळेतल्या मावशींची ही रीत मी आठ-नऊ वर्षं पाहिली. नव्यानं आलेल्या शिक्षिकांना वाटायचं, किती जीव आहे या बाईचा म्याडमवर. जीव होताच. पण ते वाक्य माझ्या कानाला कसं लागायचं ते मी कुणाला सांगितलं नाही. तुमच्या आजोबांनाही नाही.

मागच्या आठवड्यात तुम्ही दोघांनी तुमच्या शहरातल्या रस्त्यावरच्या जत्रेचा व्हिडिओ पाठवलात. गाड्यांवरचं खाणं, कोपऱ्यावर गिटार वाजवणारा म्हातारा, कागदी बशीतून उभ्याउभ्या खाणारी तुम्ही. धाकटीनं खाली लिहिलं होतं, "आजी, तुमच्याकडे असं असतं का?" मी उत्तर पाठवलं, "असतं, दसऱ्याला." उरलेलं उत्तर फोनवर लिहिण्यासारखं नव्हतं. ते इथं लिहिते आहे. मला कोणतीही गोष्ट क्रमानं सांगायची सवय आहे, तशीच सांगते.

हिंगोलीच्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवत असे. तेव्हा आपला जिल्हा वेगळा झाला नव्हता, सगळे कागद परभणीला जायचे. मावशी शाळेत शिपाई होत्या. ठेंगण्या, काटक, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. "म्या घंटा वाजवली तर शाळा चालती, न्हाई तर तुमी बसा फळा पुसत," हे त्या मुख्याध्यापकांनाही ऐकवायच्या. मुख्याध्यापक हसायचे, कारण ते खरं होतं.

घंटेवरून आमचा पहिला खटका उडाला. मधली सुट्टी रोज वेगळ्या वेळी होते, हे मी घड्याळ लावून आठवडाभर टिपून काढलं. मग कळलं की मावशी घड्याळाकडे बघतच नाहीत. शाळेसमोरून परभणीची एसटी गेली की त्या टोल द्यायच्या. एसटी उशिरा तर सुट्टी उशिरा. मी माझी वही त्यांच्यापुढे धरली. त्यांनी ती सरळ-उलटी करून पाहिली.

"म्याडम, तुमचं घड्याळ पुढं पळून राहिलं का गाडी मागं राहिली, हे कोनी सांगावं? एका गाडीत साठ माणसं असतेत. तुमच्या घड्याळात तुमी एकल्याच."

मी त्यांना भिंतीवरचं घड्याळ आणून दिलं. ते त्यांनी घंटेच्या वर टांगलं, रोज पुसलं, आणि टोल एसटीवरच दिला.

त्यांना माझा तास आवडायचा. दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायच्या. एक शब्द कळत नसे, पण तास संपला की शेरा ठरलेला. "आज लई गोड बोलल्या. कालचं जरा भांडल्यासारखं वाटलं." आदल्या दिवशी मी व्याकरण शिकवलेलं असायचं.

शिक्षकांच्या खोलीत चहाचे बारा कप होते. त्यांची यादी मीच केली होती, कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली. मावशींचा चहा मात्र खिडकीत पालथा घातलेल्या स्टीलच्या पेल्यात. एकदा मी विचारलंही, "मावशी, कप का घेत नाही?" त्या म्हणाल्या, "कपात मला पुरत न्हाई." आम्ही सगळ्या हसलो. तो पेला माझ्या यादीत नव्हता. मी जातपात मानते असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी चिडले असते. वर्गात मुलींकडून समतेवर निबंध लिहून घ्यायचे आणि चुकांना लाल शाई लावायचे. पेला खिडकीत का असतो, हा प्रश्न मी त्या एका विनोदावर सोडून दिला.

आता जत्रेचा दिवस. दसऱ्याच्या आधी गावात मोठं प्रदर्शन भरतं. उंच पाळणे, मौत का कुआँ, बांगड्यांच्या ओळी, बसस्टँडपर्यंत पोचणारा तळणाचा वास. औंढ्याहून, कळमनुरीहून बैलगाड्या आणि जीपा भरून लोक येतात. मावशींचे मालक त्या दहा-बारा दिवसांत तिथं मिरचीभज्यांचा गाडा लावत. बाकी वर्ष ते गवंड्याच्या हाताखाली काम करायचे. शाळा सुटली की मावशी थेट गाड्यावर जाऊन कढईपाशी उभ्या राहायच्या.

त्या वर्षी पोळा झाल्यापासूनच त्या माझ्यामागे लागल्या होत्या.

"म्याडम, औंदा परदर्शनात माझ्या संगं चला. लेकींसंगं जाता ते येगळं. मी दाखवते तुमाला."

"बघू, मावशी."

"बघू न्हाई. म्या आमच्या मालकाला सांगून ठेवलं. गल्लीत समद्यांला सांगितलं, इंग्रजीच्या म्याडम आपल्या गाड्यावर येणार म्हणून. आता न्हाई आल्या तर लोक म्हणतील, मावशी थापा मारती."

नवरात्रातल्या एका शनिवारी शाळा सकाळची होती. दुपारी मी निघाले. बरोबर दोन सहकारी शिक्षिका होत्या, एक गणिताच्या, एक मराठीच्या. मी सवयीप्रमाणे कागद केला होता: चार वाजता पाळणा, साडेचारला बांगड्या, पाचला चहा. मैदानाच्या कमानीशी मावशी उभ्या होत्या. पांढरी साडी, निळे काठ, केसांत अबोली. शाळेत मी त्यांना फुलं माळलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या कमरेला खोचला.

"हे सोमवारी देते."

पुढचे दोन तास मी कागदाशिवाय काढले, आणि खरं सांगते, तसे दोन तास मला नंतर फार मिळाले नाहीत. मावशी पुढे, आम्ही मागे. पाळणेवाला त्यांना ओळखत होता, बांगडीवाली त्यांना ओळखत होती. "ए, या आमच्या म्याडम हायत, फुटक्या नको दाखवू." पाळण्यात त्या माझ्याशेजारी बसल्या. पाळणा वर गेला तशी मी डोळे मिटले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं आणि म्हणाल्या, "उघडा डोळे. शाळा दिसून राहिली. बघा, फाटक उघडं टाकलं कोनीतरी." खरंच दिसत होतं. खाली आल्यावरही बराच वेळ त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, आणि मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. हे मुद्दाम लिहिते. हाताचं काही वाटलं नव्हतं.

मैदानाच्या एका कडेला लहान मांडव होता. त्यांच्या वस्तीतली गायन पार्टी तिथं भीमगीतं गात होती. हार्मोनियम, ढोलकी, चार पुरुष, दोन बायका. मावशी मला पुढच्या सतरंजीवर बसवून सरळ वर गेल्या आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. एका आईचं गाणं होतं. मुलगी शाळेत जाते, आई तिच्या पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसत नाही, कारण ते एकच अक्षर तिला ओळखता येतं. आवाज भरीव, थोडा खरखरीत, वरच्या पट्टीत गेला की एकदम मोकळा. रोज ज्या हातांनी घंटा वाजायची ते हात ताल धरत होते. चौथ्या ओळीला माझे डोळे भरले. मराठीच्या बाईंनी कोपरानं ढोसलं, "अहो, ही आपली मावशी?" मी इतक्या अभिमानानं मान हलवली की जणू तो आवाज मीच शिकवला होता.

गाणं संपल्यावर त्या घामेजलेल्या खाली आल्या. "बराबर झालं का, म्याडम?"

"मावशी, तुम्ही हे कधी सांगितलं नाहीत."

"तुमी कदी इचारलं?" त्या हसल्या. "चला आता. मालक वाट पाहून राहिले."

गाडा चांगल्या वर्दळीच्या जागी होता. पाटीवर निळ्या अक्षरांत गाड्याचं नाव, वर एक छोटा निळा झेंडा. गाडा कुठल्या वस्तीतला, हे कळायला गावात कुणालाही दोन वेळा बघावं लागलं नसतं. मालक अंगानं बारीक, अबोल गृहस्थ होते. त्यांनी नवीन शर्ट घातला होता. समोर एकच खुर्ची, तीही कुठून तरी मागून आणलेली, आणि मावशींनी ती पदरानं पुसली. आजूबाजूला त्यांच्या गल्लीतल्या चार-पाच बाया मुद्दाम येऊन थांबल्या होत्या. मावशींनी हात धुतले, मिरच्या पिठात घोळवल्या, कढईत सोडल्या, झाऱ्यानं उलटल्या. ताटलीत कागद घालून त्यावर चार भजी, कापलेला कांदा. ती ताटली त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

"पैला घास तुमचा, म्याडम. मगच बाकीच्याला."

मी ताटलीकडे पाहिलं. मग माझं लक्ष गेलं गणिताच्या बाईंकडे. त्या दोन पावलं मागे सरकून घड्याळ पाहत होत्या. मराठीच्या बाई पाळण्याकडे पाहत होत्या. पलीकडच्या खेळण्यांच्या दुकानात आमच्या गल्लीतल्या वहिनी उभ्या होत्या आणि त्या मात्र माझ्याकडे पाहत होत्या. भज्यांचा वास चांगला येत होता. मला भूक लागली होती. हेही मुद्दाम लिहिते.

"मावशी," मी म्हणाले, "माझा उपवास आहे हो."

शब्द किती सहज आला. नवरात्र होतं, कुणालाही खरं वाटावं. मागून गणिताच्या बाई लगेच म्हणाल्या, "आमचाही." आणि मराठीच्या बाईंनी मान डोलावली. एका क्षणात आम्ही तिघी उपवासाच्या झालो.

मावशींचा चेहरा पडला, पण राग स्वतःवरच. "अगं बाई. नवरात हाय, माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं. आमच्याकडं नसते ना उपास, म्हणून इसरले. माफ करा म्याडम." त्यांनी ताटली मालकांकडे दिली आणि त्या पळतच शेजारच्या फळवाल्याकडे गेल्या. तीन केळी घेऊन आल्या.

"हे तर चालते ना? सालीचं हाय, घ्या."

पहिल्यांदा ते वाक्य मी तेव्हा ऐकलं. त्यात काहीही नव्हतं, नुसती काळजी होती. मी त्या खुर्चीवर बसून, पाच बायकांच्या देखत केळं सोलून खाल्लं. मालकांनी साल घ्यायला हात पुढे केला. गल्लीतल्या बायांना मावशी सांगत होत्या, "लई कडक उपास करतेत आमच्या म्याडम. नेमाच्या हायत."

आम्ही निघालो. कमानीच्या अलीकडे जिलबीचं मोठं दुकान होतं. दुकानदार आमच्या ओळखीतला, आमच्यातला. गणिताच्या बाई म्हणाल्या, "काहीतरी खाऊ या बाई, पोटात कावळे ओरडताहेत." कुणीही उपवासाचा विषय काढला नाही. तिघींनी द्रोण घेतले. गरम जिलबी, पाक बोटांवर ओघळत होता, आणि आम्ही कशावर तरी हसत होतो.

"म्याडम."

मावशी धावत आल्या होत्या. दम लागला होता. हातात माझा चष्मा होता. केळं सोलताना मी तो गाड्यावर काढून ठेवला होता.

"चष्मा इसरल्या व्हत्या."

माझ्या एका हातात द्रोण, दुसऱ्या हातात अर्धी जिलबी. चष्मा घ्यायला हात मोकळा नव्हता. मावशींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग द्रोणाकडे, मग त्या दोघींच्या द्रोणांकडे. त्यांना सगळं कळायला जेमतेम एक श्वास लागला असेल. मी तो श्वास पाहिला. मग त्यांनी चष्मा माझ्या खांद्याला लटकलेल्या पिशवीत अलगद ठेवला.

"गरम हाय तवर खा," म्हणाल्या, आणि वळल्या.

त्यांच्या पाठीमागे मी हाक मारायला हवी होती. सोबत जाऊन गाड्यासमोर उभं राहून एक भजं खायला हवं होतं. एवढंच पुरलं असतं असं नाही, पण एवढं तरी. मी उरलेली अर्धी जिलबी खाल्ली. टाकायची कुठं, हा प्रश्न होता.

सोमवारी माझा कागद घडी घातलेला टेबलावर मिळाला. घंटा एसटीवर झाली. वाटलं, मावशी विसरल्या. दिवाळीनंतर त्यांनी उकडलेल्या शेंगा आणल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या.

"सालीचं हाय, म्याडम. घ्या."

वाक्य तेच होतं. आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं, मला रागावता आलं असतं. तसं काही नव्हतं. त्यांनी माझ्यासाठी नियम बांधला होता, एवढंच. त्यानंतर मला दिलेली एकही वस्तू त्यांच्या हाताचा स्पर्श आतपर्यंत पोचेल अशी नव्हती. केळी, शेंगा, सीताफळ, संत्री, हरभऱ्याचे ओले घाटे. इतरांना त्यांनी कधी पुरणपोळी आणली असेल, कधी चिवडा. एका नव्या तरुण शिक्षिकेला डबाभर भजी आणली. तिनं ती खोलीत सगळ्यांसमोर खाल्ली आणि बोटं चाटली. माझ्यापुढे त्या दिवशी पेरू आला. पेरूला साल नसल्यासारखीच, म्हणून सोबत चाकू होता.

माझ्या मोठ्या मुलीच्या, म्हणजे तुमच्या मावशीच्या लग्नाला शाळेतल्या मावशी आल्या. पंगतीत बसल्या, जिलबी मागून घेतली. मी आग्रह करायला गेले.

"वाढा, वाढा," त्या म्हणाल्या. "आमाला कोनाच्याबी हातचं चालते, म्याडम. आमचा उपास नसते."

शेजारच्या बायका हसल्या. मीही हसले, न कळल्यासारखं. इंग्रजीत एम. ए. झालेल्या बाईला न कळल्यासारखं हसणं फार सोपं जातं.

त्या दसऱ्यानंतर मी प्रदर्शनाला जात नसे. पेपर तपासायचे आहेत, असं सांगायचे. एका वर्षी ठरवून गेले. एकटी. गाड्यावर जायचं, खुर्चीवर बसायचं, मागून खायचं, असं घरून घोकून गेले होते. पाळण्याच्या खांबाशी थांबले. गाड्यावर गर्दी होती, तीत शाळेचे दोन पालक होते. थोडी गर्दी कमी होऊ दे, म्हटलं. मावशींनी कढईवरून मान वर केली आणि मला पाहिलं. बोलावलं नाही. हातातला झारा जरा उंच केला, एखाद्यानं लांबून हात करावा तसा, आणि पुन्हा तळायला लागल्या. गर्दी कमी झाली नाही. मी घरी आले.

नवीन जिल्हा झाला, कागद परभणीला जायचे थांबले. काही वर्षांनी मावशी निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण मी केलं. त्यांच्या घंटेवर बोलले, एसटीवर बोलले, गाण्यावर बोलले. लोक हसले, रडले. चांगलं भाषण होतं. त्यात जत्रा नव्हती. त्या संध्याकाळी खिडकीतला पेला त्या धुवून पुसून पिशवीत घालून घेऊन गेल्या.

दोनेक वर्षांत त्या वारल्याची बातमी आली. मीही तोवर निवृत्त झाले होते. तिसऱ्या दिवशी मी पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, नीट सारवलेलं अंगण. मालक ओट्यावर बसले होते, त्यांनी हात जोडले. आत भिंतीवर शाळेतलं ते घड्याळ होतं. शाळेनं नवं आणल्यावर जुनं त्यांनी मागून घेतलं असावं. बंद होतं, पण काच पुसलेली. शेजारणींनी डाळ-भाकरी आणली होती आणि घरातली माणसं जेवायला बसली होती. सुनेनं मला पाट दिला.

"इंग्रजीच्या म्याडम ना तुमी?"

मी मान हलवली. ती आत गेली. मी मनाशी ठरवलं की आज जे पुढे येईल ते खायचं, भाकरीचा तुकडा मागून घ्यायचा. ती बशी घेऊन आली. बशीत एक केळं होतं.

"आत्याबाई सांगत व्हत्या, म्याडम कदी आल्या तर च्या-भाकरीचा आग्रह करू नका, त्यांचा उपास असते. सालीचं काहीतरी ठेवा म्हणायच्या."

"आज माझा उपवास नाही," मी म्हणाले. "मला भाकरी चालेल. खरंच चालेल."

ती समजूतदारपणे हसली. तिला वाटलं, मी त्यांची अडचण नको म्हणून बोलते आहे.

"असू द्या, म्याडम. आमाला ठाऊक हाय. तकलीफ घेऊ नका."

मी केळं सोललं आणि खाल्लं. आतल्या खोलीत जेवणाऱ्यांची पंगत उठली, भांडी घासायला गेली. साल माझ्या हातात होती. त्या घरात केराची टोपली कुठं असते ते मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत मी तिथं पहिल्यांदाच आले होते.